भांडी घेताना आणि बदलताना: सोलापूरच्या स्वयंपाकघरातले नेहमीचे प्रश्न

भांडी घेताना लोक जे विचारतात आणि घेतल्यावर सहा महिन्यांनी जे विचारतात, त्यात बराच फरक असतो. इथे दुसऱ्या प्रकारचे प्रश्न जास्त आहेत. उत्तरं इथल्या रोजच्या स्वयंपाकाला धरून दिली आहेत: ज्वारीची भाकरी, चिंच-गुळाची आमटी, शेंगाचटणी आणि भरून ठेवून वापरायचं पाणी.

नवा संसार मांडतोय. पूर्ण सेट घ्यावा की सुटी भांडी?

सुटी. सेटमधल्या सात-आठ नगांपैकी दोन-तीन कायम माळ्यावर राहतात आणि त्यांचे पैसे मात्र तुम्ही मोजलेले असतात. चार माणसांच्या घराला सुरुवातीला एवढं पुरतं: भात-वरणाला ५ लिटरचा कुकर, बटाटे किंवा मूठभर कडधान्य शिजवायला ३ लिटरचा, भाकरीचा एक तवा, तेलाच्या पदार्थांना दुसरा, भाजीला २४ सें.मी.ची जाड बुडाची कढई, एकात एक बसणारी तीन पातेली, भाकरी थापायला परात किंवा काटवट, आणि फोडणीची लोखंडी पळी. बाकीचं गरज पडेल तसं घ्या. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत होम मैदानावर संसारोपयोगी वस्तूंचे स्टॉल लागतात. तिथे चिमटे, झारे, किसण्या, पोळपाट असं किरकोळ सामान हौसेने घ्या. कुकर आणि नॉनस्टिक मात्र पक्कं बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या, कारण पुढे त्यांचे सुटे भाग लागणार आहेत.

सणासमारंभासाठी मोठं पातेलं विकत घेऊ नका. पन्नास माणसांची हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, वर्षातून एकदा होते. त्यासाठी मंडपवाल्याकडून भाड्याने आणलेलं भांडं बरं.

भाकरीसाठी कोणता तवा घ्यावा?

लोखंडी किंवा बिडाचा. तिसरा पर्याय नाही.

लोखंडी तवा पत्र्याचा असतो. तो लवकर तापतो, लवकर निवतो, पडला तर वाकतो पण फुटत नाही. बिडाचा तवा ओतीव असतो. त्याला तापायला पाच-सात मिनिटं जास्त लागतात, पण एकदा तापला की ओली भाकरी टाकल्यावरही त्याची धग उतरत नाही. सकाळी दहा-बारा भाकऱ्या एका बैठकीत होत असतील तर बीड चांगलं. दोन माणसांच्या चार भाकऱ्यांसाठी तो तापवण्यातच गॅस जातो. तिथे लोखंडी पुरे.

दुकानात तवा हातात घेऊन वजन करून बघा. १० इंची, ३ मि.मी. जाडीचा लोखंडी तवा सव्वा किलोच्या आसपास भरतो. त्याच मापाचा बिडाचा दीड ते दोन किलो. लोखंडी तवा किलोच्या बराच आत भरला तर पत्रा पातळ आहे. असा तवा मोठ्या आचेवर मध्ये फुगतो, भाकरीला मधोमध काळे ठिपके पडतात आणि कडा कच्च्या राहतात. मग दोष पिठाला दिला जातो.

नॉनस्टिकवर भाकरी का नाही? भाकरी फुगायला तवा कडक तापलेला लागतो, आणि वर तेल-पाण्याचा थर नसल्याने तो सहज अडीचशे अंशांच्या पुढे जातो. नॉनस्टिकचा टेफ्लॉनचा थर साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे खराब व्हायला लागतो. म्हणजे रोजची भाकरी त्या थराच्या अगदी काठावर चालते.

नवा बिडाचा तवा वापरायला कसा काढायचा?

कारखान्यातून येताना त्यावर गंज लागू नये म्हणून तेल, मेण किंवा काळा थर लावलेला असतो. तवा गरम पाणी, भांड्याचा साबण आणि तारेच्या घासणीने एकदाच जोर लावून घासा. बोटाला ओतकामाचा खरखरीत कंगोरा लागला तर पॉलिश पेपरने हलकेच उतरवा. मग लगेच गॅसवर ठेवून पूर्ण कोरडा करा. कापडाने पुसून भागत नाही, बिडाच्या छिद्रांत पाणी राहतं.

तवा कोमट असताना अर्धा चमचा तेल सगळीकडे, मागच्या बाजूला आणि दांड्यालासुद्धा, चोळा. आता मुख्य पायरी: कोरड्या सुती फडक्याने ते सगळं तेल पुसून काढा. चुकून लागलं होतं असं समजून पुसा. तवा फक्त ओलसर चमकला पाहिजे, तेल दिसता कामा नये. मग मध्यम आचेवर धूर येऊन थांबेपर्यंत, दहा-पंधरा मिनिटं तापवा. खिडकी उघडी ठेवा. थंड होऊ द्या आणि हेच आणखी तीनदा करा. तवा आधी तपकिरी आणि मग काळा होत जातो.

तेल कोणतं? करडईचं मिळालं तर उत्तम, आणि आपल्या भागात ते मिळतं. करडई आणि जवसाचं तेल तापल्यावर घट्ट होऊन धातूला पापुद्र्यासारखं चिकटतं. हा थरच पुढे पदार्थ चिकटू देत नाही. जवसाचा थर कडक होतो खरा, पण कधी कधी खपल्या धरतो. शेंगदाणा तेलाने काम होतं, दोन फेऱ्या जास्त लागतात. तूप आणि खोबरेल नको. त्यांचा असा पक्का थर धरत नाही.

पहिले आठ-दहा दिवस या तव्यावर धपाटे, डोसे, थालीपीठ असं तेलाचंच करा.

एवढं करूनही माझ्या भाकरीच्या तव्याचा मधला भाग राखाडी होतो. काय चुकलं?

काही नाही. कोरड्या कडक आचेने तेलाचा थर जळून जातो, आणि भाकरी अगदी तशीच होते. भाकरीला तो थर लागतही नाही, कारण पिठी असते. म्हणूनच वर दोन तवे सांगितले. एक कोरडा, भाकरीचा. दुसरा तेलाचा, धपाट्या-डोशाचा. एकाच तव्यावर दोन्ही केलं तर डोसा चिकटणार आणि भाकरीला तेलकट वास येणार. भाकरीचा तवा रात्री पाण्याने धुऊन गॅसवर वाळवा, हात फिरवल्याएवढं तेल लावा, सकाळी पुसून वापरा.

तवा चिकट झालाय. गंज चढलाय. तडा गेल्यासारखा वाटतोय.

चिकट झाला असेल तर तेल जास्त लागलं. पुन्हा तेल न लावता मोठ्या आचेवर वीस मिनिटं तापवा. तरी चिकट राहिला तर घासून पहिल्यापासून करा.

गंज वरवरचा असेल तर जाडं मीठ आणि चिंचेचा कोळ लावून तारेने घासा, पाच मिनिटांत धुऊन टाका आणि लगेच आचेवर वाळवा. कोळ लावून ठेवून दिला तर आंबटाने उलट नवा गंज धरतो. सोलापूरची हवा कोरडी, त्यामुळे इथे तवा हवेने गंजत नाही, मोरीत रात्रभर ओला पडल्याने गंजतो.

तडा तपासायचा असेल तर तवा दांड्याने किंवा दोरीत लटकता धरा आणि चमच्याने टिचकी मारा. ठण्ण असा लांबणारा आवाज आला तर तवा धड आहे. थप्प असा मेलेला आवाज आला तर तडा गेलाय. बिडाचा तडा घरी दुरुस्त होत नाही, बदलाच. तडा पडण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: भाकऱ्या संपल्यावर तापल्या तव्यावर नळाचं गार पाणी. भाकरीवर हाताने पाणी फिरवतो तेवढ्याने काही होत नाही.

कडक भाकरीसाठी वेगळा तवा लागतो का?

वेगळा लागत नाही, जाड लागतो. पातळ थापलेली भाकरी मंद आचेवर सावकाश वाळवत न्यायची असते. पातळ पत्र्यावर ती वाळण्याआधी करपते.

नॉनस्टिक तवा किंवा कढई कधी टाकून द्यायची?

थर सोलून खालचा धातू दिसायला लागला की. बारीक ओरखडे असतील तर आणखी काही महिने मंद आचेवर वापरता येते. पोटात गेलेला एखादा कण पचत नाही, तसाच बाहेर पडतो. त्याचं फार भय नको. भय आहे ते रिकामी कढई मोठ्या गॅसवर विसरण्याचं. ३५० अंशांच्या आसपास त्यातून विषारी वाफा निघतात. पाळलेले पक्षी त्याने मरतात आणि माणसाला तापासारखी कणकण येते. अशी एकदा जळालेली, रंग बदललेली कढई धड दिसली तरी परत वापरू नका.

आयुष्य वाढवायचं तर लाकडी उलथनं वापरा, गरम भांड्यावर पाणी टाकू नका, आणि एकावर एक रचताना मध्ये जुन्या चादरीचा तुकडा घाला. सोलापुरात तरी चादरीच्या तुकड्याला तोटा नसावा.

स्टील चांगलं आहे हे कसं ओळखायचं? लोहचुंबक लावून बघतो आम्ही.

लोहचुंबकाची परीक्षा अर्धीच कामाची आहे. ३०४ दर्जाच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, म्हणून त्याला १८/८ म्हणतात. त्याला चुंबक चिकटत नाही. पण निकेल वाचवून मँगनीज घातलेल्या २०२ सारख्या स्वस्त स्टीललाही तो चिकटत नाही. उलट चांगल्या ३०४ च्या भांड्याच्या वळवलेल्या काठाला किंचित चिकटतो, कारण पत्रा दाबताना त्याची घडण बदलते. चिकटणारं ४३० दर्जाचं स्टीलही बनावट नसतं. इंडक्शनच्या भांड्याच्या बुडाला तेच लावतात. थोडक्यात, चुंबकाने फक्त ‘इंडक्शनवर चालेल का’ एवढंच कळतं.

मग बघायचं काय? बुडावरचा शिक्का. केंद्र सरकारने १४ मार्च २०२४ च्या आदेशाने स्टील आणि ॲल्युमिनियमची भांडी आयएसआय चिन्हाच्या कक्षेत आणली. स्टीलच्या भांड्यांचं मानक आयएस १४७५६, ॲल्युमिनियमचं आयएस १६६०. चिन्हाजवळ सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपमध्ये टाकला की परवाना खरा आहे का ते दिसतं.

सगळीच भांडी ३०४ ची घ्यायची गरज नाही. पीठ, डाळी, साखर यांचे डबे स्वस्त स्टीलचे चालतात. आमटीचं पातेलं, दह्याचं भांडं, लोणच्याची वाटी अशी आंबटाची भांडी मात्र चांगल्या स्टीलची घ्या.

गेज म्हणजे काय?

पत्र्याची जाडी. आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, इथेच लोक फसतात. १८ गेज म्हणजे साधारण १.२ मि.मी., २० म्हणजे ०.९, २२ म्हणजे ०.७ आणि २४ म्हणजे ०.५५ मि.मी. गॅसवर ठेवायच्या साध्या स्टीलच्या पातेल्याला २० गेजपेक्षा पातळ पत्रा घेऊ नका. त्यातही नुसतं स्टील आच पसरवत नाही, ज्वाळा जिथे लागते तिथेच तापतं. म्हणून पिठलं तळाला लागतं. भाजीच्या कढईला स्टील-ॲल्युमिनियम-स्टील असा तीन थरांचा पत्रा घ्या, एकूण जाडी अडीच ते तीन मि.मी. हे तीन थर काठापर्यंत असावेत. नुसत्या बुडाला चकती डकवलेल्या भांड्यात रस्सा चकतीच्या वरच्या कडेने गोलाकार करपतो. आणि तांब्याचं बूड म्हणून मिळतो तो बहुतेक भांड्यांत नुसता मुलामा असतो. दिसायला छान, आचेला त्याचा फरक पडत नाही.

स्टीलच्या पातेल्यात पांढरा थर बसतो आणि तळाला सुईने टोचल्यासारखे खड्डे पडलेत.

ही दोन वेगळी दुखणी आहेत.

पांढरा थर जड पाण्याचा, विशेषतः बोअरच्या. एक लिटर पाण्यात एक चमचा लिंबूसत्त्व टाकून दहा मिनिटं उकळा, अर्धा तास तसंच ठेवा, मऊ घासणीने पुसा. निघतो.

खड्डे मिठाचे. गार पाण्यात मीठ टाकलं की ते तळाशी बसतं आणि विरघळेपर्यंत तेवढ्या जागी स्टीलचा संरक्षक थर खातं. पाणी उकळल्यावर मीठ टाका आणि ढवळा. ब्लीचिंग पावडर टाकलेलं किंवा खारट पाणी स्टीलच्या भांड्यात दिवसेंदिवस ठेवलं तरी तेच होतं. पडलेला खड्डा भरून येत नाही. मात्र भांडं गळत नाही तोवर वापरायला हरकत नाही, फक्त त्यात दही-लोणचं साठवू नका.

कुकरचे कोणते भाग बदलायचे आणि कधी?

कुकर जुना झाला म्हणून टाकू नये. बहुतेक वेळा दुखणं शंभर-दोनशे रुपयांच्या भागात असतं.

रिंग आधी बघा. झाकणाच्या कडेने वाफ सुटते, शिट्टी व्हायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो, रिंग दाबली की लवचीक न लागता प्लॅस्टिकसारखी कडक लागते, तिला चिरा दिसतात: यातलं काहीही झालं की बदला. रोजच्या वापरात साधारण वर्षभर जाते. फ्रीजरमध्ये ठेवून ती एखादा दिवस घट्ट बसते, पण तेवढंच. कणीक लावून किंवा दोरा गुंडाळून चालवायची तर अजिबात नाही. नवी आणताना जुनी रिंग सोबत न्या आणि कुकरवर कोरलेलं कंपनीचं नाव व लिटर लिहून न्या. आत बसणाऱ्या झाकणाची आणि बाहेरून बसणाऱ्या झाकणाची रिंग वेगळी, आणि एकाच कंपनीच्या ३ व ५ लिटरची रिंगही बऱ्याचदा वेगळी असते. ‘हीच बसते सगळ्याला’ असं सांगून दिलेली घेऊ नका.

शिट्टीची नळी रोज बघा. झाकण उजेडाकडे धरा आणि नळीतून आरपार बघा. पलीकडचा उजेड स्वच्छ गोल दिसला पाहिजे. अर्धवट दिसला तर तुरीच्या डाळीचं साल किंवा भाताचं शीत अडकलंय. तार घालून मोकळी करा. याला पाच सेकंद लागतात आणि कुकरचे बहुतेक अपघात इथेच थांबतात.

सेफ्टी वॉल्व्हच्या मध्यात कमी तापमानाला वितळणारा धातू असतो. पाणी संपलं किंवा नळी तुंबली की तो वितळतो आणि वाफेला वाट देतो. वॉल्व्ह उडाला म्हणजे त्याने त्याचं काम केलं. आधी कारण शोधा, मग त्याच कंपनीचा नवा बसवा. त्या भोकात स्क्रू किंवा दुसऱ्याच कुकरचा वॉल्व्ह बसवणं म्हणजे गॅसवर सुतळी बॉम्ब ठेवणं आहे.

भरताना दोन तृतीयांशाच्या वर जाऊ नका. तूर, मसूर अशा फेसाळणाऱ्या डाळी अर्ध्यापर्यंतच. डाळीत चमचाभर तेल टाकलं तर फेस कमी येतो.

आणि संपूर्ण कुकर कधी टाकायचा? कोरडा जळून बूड फुगलं असेल, झाकण बसण्याचा काठ वाकला असेल, किंवा आतून खोल खड्डे पडले असतील तेव्हा. फुगलेलं बूड ठोकून सपाट करून घेतलेला कुकर परत दाबावर लावू नका. नवा घेताना आयएसआय चिन्ह आणि आयएस २३४७ बघा. २०२० च्या आदेशाने घरगुती प्रेशर कुकरला ते सक्तीचं आहे.

कुकर आतून काळा पडतो.

ॲल्युमिनियमच्या कुकरमध्ये जड पाणी उकळल्याने. डबे ठेवण्याआधी तळाच्या पाण्यात चिंचेचं बुटूक किंवा पिळलेल्या लिंबाची साल टाका. आजीचा उपाय आहे आणि बरोबर आहे.

जर्मलची, म्हणजे ॲल्युमिनियमची, भांडी फेकून द्यावीत का?

सगळी नको. दूध तापवायला, पाणी गरम करायला, भात शिजवायला ती चालतात. चिंच, टोमॅटो, कोकम, ताक, अंबाडी यांना मात्र नको, आणि शिजवलेलं त्यात साठवायचं तर मुळीच नको. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेतही चटणी-सांबारासारखे आंबट पदार्थ ॲल्युमिनियम, लोखंड आणि बिनकल्हईच्या तांब्या-पितळेत साठवू नयेत असंच सांगितलं आहे. पातेलं आतून खरवडलं गेलं असेल, पांढरी पूड हाताला लागत असेल तर मोडीत द्या.

आजेसासूबाईंची पितळी पातेली आहेत. वापरू का? कल्हई कधी करायची?

जरूर वापरा. पितळेत तांबं आणि जस्त असतं, आंबटाशी गाठ पडली की ते अन्नात उतरतं. अन्न कळकतं, तोंडाला धातूची चव येते, मळमळतं. त्यासाठी आतून कथलाचा थर देतात, ती कल्हई. आतल्या चंदेरी रंगातून पिवळा-तांबूस ठिपका दिसायला लागला की भांडं कल्हईला काढा. रोजच्या पातेल्याला साधारण सहा महिने ते वर्ष. महिने मोजू नका, ठिपका बघा.

कल्हई समोर बसून करून घ्या. भांडं आधी आम्लाने किंवा वाळूने आतून लख्ख केलं पाहिजे. मग ते भट्टीवर तापवून नवसागराची पूड टाकतात, पांढरा धूर निघतो, आणि धातूवरची काळपट पुटं सुटतात. लगेच कथलाची कांडी आतून टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने वितळलेलं कथील गोल फिरवत पसरवायचं. कडेच्या वळणात आणि गळ्याशी नीट पोचलं का बघा, घाई केली की तिथेच सुटतं.

कथील शुद्ध हवं. त्यात शिसं मिसळलं की स्वस्त पडतं आणि ते शिसं पोटात जातं. कांडी कानाजवळ धरून वाकवा. शुद्ध कथील वाकताना करकर असा बारीक आवाज करतं. शिसं मुकाट वाकतं. झालेली कल्हई बोटाने जोरात पुसली आणि बोट शिसपेन्सिलीसारखं काळं झालं, तर तो कारागीर पुन्हा नको.

कथील २३२ अंशांना वितळतं. म्हणून कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवू नका आणि त्यात तेल कडकडीत तापवू नका. फोडणी लोखंडी पळीत करा, वरून ओता. घासायला तार नको. राख किंवा मऊ घासणी.

पाणी काही दिवसांआड येतं. तांब्याच्या हंड्यात भरून ठेवलं तर चालेल का?

पिण्यापुरतं, एक रात्र, चालतं. चार-पाच दिवसांचा साठा स्टीलच्या पिंपात करा आणि तांब्याच्या भांड्यात रोजचं रोज काढा. तांब्याच्या भांड्यात लिंबू-सरबत, ताक, कैरीचं पन्हं कधीच नाही. आतून हिरवट डाग दिसला तर चिंच-मिठाने घासून मगच भरा.

जेवायला कोणती ताटं घ्यावीत: स्टील, काच, मेलामाइन की चिनीमाती?

आधी जेवण बघा, मग ताट. भाकरी नऊ-दहा इंचाची. शेजारी आमटीची वाटी, चटणी, कांदा, भाजी. म्हणजे ताट १२ इंची लागतं. १० इंची डिनर प्लेटमध्ये भाकरी वाटीवर टेकते आणि आमटीत भिजते. दुसरी गोष्ट काठ. भाकरी कुस्करून वर आमटी ओतून खाणाऱ्या घरात ताटाला किमान दोन सें.मी. उभा काठ हवा. विलायती धाटणीच्या सपाट प्लेटला तो नसतो, आणि पहिल्याच घासाला आमटी टेबलावर येते. दुकानात कोणी सांगत नाही, पण डिनर सेट कपाटात जाऊन बसण्याचं हे मोठं कारण आहे. तोच सेट घ्यायचा असेल तर प्लेटऐवजी त्यातले खोलगट बाऊल जास्त घ्या.

स्टीलचं ताट सगळ्यात टिकाऊ. १२ इंची, २२ गेजचं ताट साडेचारशे ग्रॅमच्या पुढे भरतं. तीनशेच्या आसपास असेल तर दोन बोटांत धरून दाबा, लवेल. काठ आत वळवून बंद केलेला असावा. उघड्या दुमडीत खरकटं अडकतं आणि तिथून काळी रेघ धरते.

दुधी काचेची ताटं कडक केलेली असतात. लहानसहान धक्क्याला दाद देत नाहीत, पण फुटली की तुकडे खोलीभर उडतात. काठाला टवका गेला की ते ताट बाद. सोनेरी काठाचं मायक्रोवेव्हमध्ये नको.

चिनीमातीत बोन चायना हलकं, पातळ आणि दिसण्यापेक्षा मजबूत असतं. मात्र त्यात जनावरांच्या हाडांची राख असते. घरात ते चालणार नसेल तर पोर्सेलिन घ्या. दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही. चकाकीवर बारीक भेगांचं जाळं दिसायला लागलं की त्यात तेल-हळद मुरते. ते भांडं फुलाखाली ठेवायला काढा.

मेलामाइन पडलं तरी सहसा फुटत नाही, म्हणून लहान मुलांना बरं वाटतं. पण मायक्रोवेव्ह, ओव्हन आणि कढईतून काढलेली कडकडीत भजी यांना ते नको. खूप गरम आणि आंबट पदार्थ त्यात राहिला की फॉर्मल्डिहाइड हे घातक रसायन सुटतं. हळदीचे डाग, ओरखडे, मिणमिणीत झालेली चकाकी दिसली की बदला.

डिनर सेटमधली दोन ताटं फुटली. तशीच सुटी मिळतील का?

नक्षीचा सेट असेल तर आशा कमी, कारण नक्ष्या दोन-तीन वर्षांत बदलतात. पांढरा साधा असेल तर मिळतील, फक्त एक ताट सोबत नेऊन मागे-पुढे जुळवा. पांढऱ्यातही निळसर आणि पिवळसर असतं. पुढच्या वेळी सहाच्या घराला आठ ताटं आणि दहा वाट्या घ्या. वाट्या आधी फुटतात.

इंडक्शनला जुनी भांडी चालतील का?

बुडाला चुंबक घट्ट चिकटला आणि बूड सपाट असेल तर. तांबं, पितळ, साधं ॲल्युमिनियम चालत नाही. बिडाचा तवा चालतो, पण एकदम मोठ्या आकड्यावर लावू नका. फक्त मधोमध तापतो आणि चिरतो.

शेंगाचटणीला उखळ घ्यावं की मिक्सरवरच भागवावं?

उखळात दाणे कांडले जातात, त्यामुळे तेल सुटून चटणी गोळा धरते. मिक्सरच्या पात्याने ते कापले जाऊन भुगा होतो, आणि जास्त फिरवलं की गरम होऊन लगदा. घ्यायचंच तर दगडी, जड बुडाचं, आतून खरबरीत उखळ घ्या. गुळगुळीत पॉलिश केलेलं शोभेचं असतं, त्यात दाणे नुसते उडतात. पाव किलो दाणे एका वेळी कांडायचे तर आतलं तोंड सात-आठ इंच हवं.

नव्या दगडाची कच निघाल्याशिवाय त्यात खायचं काही कांडू नका. मूठभर तांदूळ आणि जाडं मीठ घालून कांडा, टाका, धुवा. पीठ पांढरं स्वच्छ निघेपर्यंत हे करायचं, तीन-चार वेळा तरी लागतं. दगड गुळगुळीत झाला की टाकी लावून, म्हणजे छिन्नीने टोचून परत खरबरीत करून, घ्या. पाट्या-वरवंट्यालाही हेच.

दांडा हलतो, पातेल्याचा कान निघाला. दुरुस्त होतं का?

कुकरचा बॅकेलाइटचा दांडा स्क्रूवर असतो. स्क्रू घट्ट करा. भोकच मोठं झालं असेल तर नवा दांडा घ्या, दोन भोकांमधलं अंतर मोजून न्या. पातेल्याचा रिबिटवरचा कान भांडी दुरुस्त करणारा परत ठोकून देतो. डाग दिलेला, म्हणजे वेल्डिंगचा कान सुटला तर पत्र्याला भोक पडण्याचा संभव असतो; पातळ भांड्यावर तो खर्च करू नका.

भांड्यावर नाव घालून घेऊ का?

घाला, पण आधी भांडं पाण्याने भरून गळतं का, झाकण बसतं का, सपाट फरशीवर डगमगतं का ते दुकानातच बघा. नाव कोरलेलं भांडं दुकानदार परत घेत नाही. नाव बाहेरून, काठाच्या खाली घालायचं; आत किंवा बुडावर नको.

मोड देताना काय बघायचं?

धातू वेगवेगळे करून न्या. तांबं, पितळ, कांसं, स्टील, जर्मल या प्रत्येकाचा भाव वेगळा, आणि सगळं एका पोत्यात नेलं की भाव सगळ्यात स्वस्त धातूचा लागतो. कांसं पितळेच्या भावात देऊ नका. कांशाच्या ताटलीला टिचकी मारली की घंटेसारखा लांब नाद येतो, पितळेचा आवाज लगेच बसतो. कुकरचे दांडे, रिंग, शिट्टी काढून ठेवा, नाहीतर त्यांच्या नावाने अंदाजे घट धरतात, आणि तो अंदाज कधी तुमच्या बाजूने नसतो. घरी वजन करून निघा. कुकरची शिट्टी धड असेल तर ती फेकू नका. त्याच कंपनीचा दुसरा कुकर घरात असेल तर जपून ठेवा.